गुटी बांधून बोन्साय: तयार जाड खोडाचं झाड एका पावसाळ्यात कसं काढायचं

मागच्या जूनमध्ये शेजारच्या काकू कंपाउंडपाशी उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या, शेवटी न राहवून विचारलंच, "अरे, त्या डाळिंबाच्या फांदीला प्लास्टर का घातलंयस, फ्रॅक्चर झालंय का?" म्हटलं काकू, उलटं आहे, दोन महिन्यांनी मीच तोडणार आहे ती. आता तीच फांदी माझ्या टेरेसवर एका टोपलीत उभी आहे, खोड अंगठ्याच्या दुप्पट जाड, अंगाला मस्त पीळ, आणि येणारा प्रत्येकजण विचारतो किती वर्षांचं आहे हो झाड. आता काय सांगायचं, झाड म्हणून एका वर्षाचं, फांदी म्हणून आठ-नऊ वर्षांचं.

फांदीला झाडावर असतानाच मुळ्या फोडायच्या आणि मग ती तोडून लावायची, ह्यालाच गुटी कलम म्हणतात. इंग्रजीत एअर लेअरिंग, जपानी बोन्सायवाले तोरिकी म्हणतात. आपल्याकडे डाळिंबवाल्यांना हे नवीन नाही, सोलापूर-सांगोला-नाशिक पट्ट्यात भगवा जातीच्या डाळिंबाची रोपं बहुतेक गुटीचीच असतात. माझा मामा सांगोल्याकडे डाळिंब करतो, त्याच्याकडची माणसं सकाळी चहा घेऊन बसली की जेवायच्या सुट्टीपर्यंत शे-दोनशे गुट्या बांधून मोकळी. मीही त्याच्याकडेच शिकलो. पण मामाची गुटी आणि बोन्सायवाल्याची गुटी ह्यात एक फरक आहे आणि तो डोक्यात शिरायला मला तीन पावसाळे लागले. मामाला मुळ्या हव्यात, बास. एका बाजूने फुटल्या काय, वेड्यावाकड्या फुटल्या काय, रोप खड्ड्यात जाणार, वर माती येणार, कोण बघतंय. बोन्सायमध्ये मात्र बुंध्यापाशी चहूबाजूंनी पसरलेल्या मुळ्या, ज्याला नेबारी म्हणतात, तोच झाडाचा चेहरा. म्हणजे तुम्ही चाकू जिथे फिरवणार तिथे पुढची वीस-तीस वर्षं त्या झाडाची जमीन असणार आहे. खाली मी जे काही सांगणार आहे ते सगळं ह्याच एका गोष्टीसाठी आहे.

फांदी मरत का नाही

हे समजून घ्या म्हणजे पुढच्या चुका आपोआप टळतात. झाडात पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून, आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरतं ते सालीतून. आपण सालीचं कडं काढतो तेव्हा पाण्याची लाईन चालूच राहते, त्यामुळे वरची पानं हिरवीगार राहतात, पण खाली उतरणारं अन्न आणि मुळ्या फुटायला लावणारं ऑक्झिन हे त्या कड्याच्या वरच्या काठावर येऊन अडतं. अडलं की तिथे आधी फुगवटा येतो, ओलावा आणि अंधार मिळाला की मुळ्या फुटतात. म्हणजे मुळ्या येणार त्या वरच्या काठातून, खालच्या नाही. मी पहिल्या वर्षी रूटिंग पावडर दोन्ही काठांना इमानदारीत फासली होती, खालच्या काठाला लावलेली फुकट गेली.

ह्यातूनच दुसरी गोष्ट, गुटी बांधायच्या आधी फांदीची छाटणी करायची नाही. पानंच तर मुळ्यांना पोसतात. लोक काय करतात, बोन्साय आहे म्हणून आधी छान शेप देतात, पानं कमी करतात आणि मग गुटी बांधतात आणि मग म्हणतात लागली नाही. शेप नंतर द्या हो, आयुष्य पडलंय.

कुठल्या झाडाला लागते

पहिल्यांदाच करत असाल तर डोळे झाकून फायकस घ्या. वड, उंबर, पिंपळ, नर्सरीत मिळणारे बेंजामिना, मायक्रोकार्पा, सगळे एकाच घराण्यातले. फायकसला तीन ते पाच आठवड्यांत मुळ्या दिसायला लागतात आणि तुमची एखादी चूक तो पोटात घालतो. त्यानंतर डाळिंब, साधारण दीड-दोन महिने. कामिनी म्हणजे आपली कुंती, तिला दोन-तीन महिने, पण तिचं खोड इतकं सुंदर पांढरट येतं की थांबायला हरकत नाही. बोगनवेल लागते पण तिच्या मुळ्या काचेसारख्या मोडतात, ते पुढे सांगतो. लिंबू, पेरू लागतात. चिंच लागते पण रडवते, माझ्या चारातल्या दोनच लागल्या. जुनिपरलाही होतं पण त्याला आख्खा सीझन किंवा जास्त द्यायची तयारी ठेवा. जेडला मात्र गुटी बांधायच्या भानगडीत पडू नका, तिची जाड फांदी तोडून चार-पाच दिवस सावलीत सुकवून नुसती खोचली तरी लागते, आणि ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, गुंडाळली तर उलट कुजते.

आणि एक, रस्त्याकडेच्या किंवा पार्कातल्या झाडावर चाकू चालवू नका. शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतनाचा कायदा आहे आपल्याकडे. दुसऱ्याच्या अंगणातलं असेल तर विचारून घ्या, काकूंना मी एक वर्ष आधी विचारलं होतं आणि बदल्यात त्यांच्या जास्वंदाची छाटणी करून दिली होती.

फांदी निवडणं, इथेच निम्मं बोन्साय होतं

ह्याला वेळ द्या. मी साधारण मार्च-एप्रिलपासून झाडाभोवती घिरट्या घालतो.

हाताची चौकट करून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून फांदीचा फक्त तुकडा बघा, बाकी झाड विसरा. तो तुकडा उभा करून स्वतःलाच विचारा, हे झाड म्हणून दिसतंय का. काय काय असावं त्यात, तर खालून वर निमुळती होत जाणारी जाडी, एखादं वळण, आणि कापायच्या जागेपासून फार लांब नाही अशी पहिली उपफांदी. सरळसोट, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची फांदी घेऊ नका, ती काठीच राहते, कितीही वायरिंग करा, म्हणजे तार गुंडाळून वाकवा. जाडी अंगठ्यापासून मनगटापर्यंत कितीही चालते, फायकसला तर मनगटापेक्षा जाडही लागते, पण पहिल्यांदा दीड ते तीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. अगदी कोवळी हिरवी नको, आणि साल फाटलेली, भेगाळलेली, अळीने पोखरलेली तर नकोच.

जिथे दोन फांद्या फुटतात तिथे खालच्या बाजूला फांदी थोडी रुंदावलेली असते, ती जागा सोन्याची. त्या रुंद भागाखाली लगेच कापलं तर नवीन झाडाचा बुंधा आपोआप पसरट येतो, आणि दोन फांद्या म्हणजे जुळं खोड तयार. काकूंच्या डाळिंबावर मी हेच केलं.

आता कोन. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. फांदी झाडावर आडवी-तिरकी वाढलेली असते, आणि आपण सवयीने फांदीला काटकोनात कड्या, म्हणजे गोल काप, मारतो. पण कुंडीत ते झाड तुम्हाला तिरकं उभं करायचं असेल तर मुळ्यांचा तो वरचा काठ कुंडीतल्या मातीला समांतर यायला हवा. म्हणून आधी ठरवा झाड कसं उभं राहणार, मग पेन्सिलने किंवा स्केचपेनने फांदीवर त्या कोनात रेघ मारा. माझा पहिला फायकस, मुळ्या झकास आल्या, कुंडीत लावला तर एका बाजूच्या मुळ्या जमिनीत आणि दुसऱ्या बाजूच्या हवेत लोंबकळताहेत. ते झाड अजून आहे, मोठ्या कुंडीत, बोन्साय म्हणून नाही.

फांदीला चॉकने समोरची बाजूही खूण करून ठेवा. बांधल्यावर आणि पाऊस झाल्यावर काही आठवत नाही.

कधी बांधायची

मृग लागला की. म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे बेस्ट, हवेत दमटपणा असतो, झाड जोरात वाढत असतं, आणि साल लाकडापासून सहज सुटते. साल सुटत नसेल, चिकटून बसली असेल, खरवडून काढावी लागत असेल तर समजा झाड अजून जागं झालेलं नाही, दोन आठवडे थांबा. फायकस ऑगस्टमध्ये बांधला तरी चालतो. सप्टेंबरनंतर मी बांधत नाही, कारण मुळ्या यायच्या आत ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं आणि ते संपेस्तोवर थंडी.

कोकणातल्या लोकांचा प्रॉब्लेम वेगळा आणि देशावरच्यांचा वेगळा. कोकणात गुटी सुकत नाही, कुजते, पाणी आत भरून. देशावर श्रावणात आठ-आठ दिवस उघडीप पडते आणि वारा असा सुटतो की मॉस भाकरीसारखा वाळतो. तुम्ही कुठे राहता त्यावर बांधायची पद्धत थोडी बदलते, ते खाली येईलच.

सामान

फार काही लागत नाही. धारदार चाकू, म्हणजे कलमाचा चाकू किंवा नवीन ब्लेडचा कटर, आणि तो पुसायला स्पिरिट. लांब धाग्याचा स्फॅग्नम मॉस, नर्सरीत किंवा ऑनलाइन वाळलेल्या विटेसारखा मिळतो. रूटिंग हार्मोनची आयबीए असलेली पावडर, पाकिटावर कडक किंवा अर्धकडक लाकडासाठी असं लिहिलेली. पारदर्शक प्लास्टिक, जाडसर, किराण्याची पिशवी कापून घेतली तरी चालते. सुतळी किंवा केबल टाय, अॅल्युमिनियम फॉइल किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद, एक सिरिंज सुईसकट, आणि बांबूची काठी.

मॉस मिळाला नाही तर कोकोपीट चालतं पण ते दोन-तीनदा धुऊन घ्या, मिठाचा अंश असतो त्यात. नुसती बागेतली माती नको, ती ओली झाली की चिखल आणि सुकली की दगड. मॉस हाताळताना हाताला जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला, त्यातून त्वचेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

मॉस आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी पाण्यात भिजत टाका.

साल काढणं

पहिली कडी वर, जिथे तुम्ही रेघ मारलीय तिथे. चाकू लाकडाला लागेपर्यंत दाबा, लाकडात घुसवू नका, आणि फांदीभोवती पूर्ण फिरवून जिथून सुरू केलं तिथेच आणून जोडा. ही वरची कडी एका झटक्यात, स्वच्छ यायला हवी, दातरे पडायला नकोत, कारण ह्याच काठातून मुळ्या निघणार आहेत. दुसरी कडी त्याच्या खाली, अंतर फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट. म्हणजे फांदी दोन सेंटिमीटर जाड असेल तर तीन ते चार सेंटिमीटर. बघताना वाटतं एवढी साल काढली तर झाड मरेल. नाही मरत. कमी काढली तर काय होतं ते ऐका.

दुसऱ्या वर्षी मी बोगनवेलीवर गुटी बांधली, जीव घाबरला म्हणून जेमतेम एक बोट रुंदीचं कडं काढलं, आणि साल निघाल्यावर आतलं लाकूड पांढरंशुभ्र दिसलं म्हणून तसंच बांधून टाकलं. तीन महिने थांबलो. पानं हिरवीगार, फुलंसुद्धा आली, आणि मुळ्या शून्य. उघडलं तर वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत नवीन सालीचा पूल तयार झालेला, दोन बोटं जोडल्यासारखा. झाडाने आपली जखम भरून काढली होती, त्याला मुळ्यांची गरजच काय. तेव्हा कळलं की साल काढल्यावर लाकडावर जो ओलसर, बुळबुळीत, किंचित हिरवट थर राहतो, कॅम्बियम, तो खरवडून काढल्याशिवाय काम होत नाही. चाकूची धार आडवी धरून, फळाची साल खरवडल्यासारखं, सगळीकडून, बोटाला बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत. मग कोरड्या फडक्याने पुसा. हाताला कोरडं, खरखरीत लाकूड लागलं पाहिजे.

दोन कड्यांच्या मधे एक उभा छेद द्या, चाकूच्या टोकाने कोपरा उचला, सीझन बरोबर असेल तर साल केळ्याच्या सालीसारखी सोलून येते. तो आवाज, हलकासा चर्रर्र, तो ऐकला की मी खूश.

फायकसमधून चीक येणार. घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसत राहा, वरून पाण्याचा स्प्रे मारा, पाच-दहा मिनिटांत थांबतो. तो थांबल्याशिवाय पावडर लावू नका, सगळी चिकात वाहून जाते. आणि तोच हात डोळ्याला लावू नका, मी लावला होता, संध्याकाळपर्यंत डोळा धूत होतो.

आता नेबारीसाठी एक छोटी युक्ती. वरच्या काठावर, सालीत, वरच्या दिशेने तीन-चार मिलिमीटरच्या उभ्या चिरा द्या, फांदीभोवती सारख्या अंतरावर, सहा-आठ. त्यामुळे मुळ्या एकाच बाजूला गर्दी करून न येता गोलात फुटायला मदत होते आणि बुंधाही थोडा पसरतो. शंभर टक्के गॅरंटी नाही, पण माझा अनुभव चांगला आहे. मग ब्रशने पावडर फक्त ह्या वरच्या काठाला आणि चिरांमध्ये, पातळ थर. जाड थापू नका, जास्त हार्मोनने काठ काळा पडतो.

साल न काढता, कापायच्या जागी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची वायर करकचून आवळायची असाही एक प्रकार आहे. फांदी जाडावते, वायर सालीत रुतते, अन्न हळूहळू अडतं. पाइन-जुनिपरसारख्या हट्टी झाडांना लोक हे करतात. सावकाश काम आहे, आपल्या फायकस-डाळिंबाला गरज नाही.

मॉस बांधणं

भिजलेला मॉस मूठभर घेऊन पिळा. किती पिळायचा, तर घट्ट दाबल्यावर दोन-चार थेंब पडले पाहिजेत, धार नको. मामा म्हणतो धुतलेला शर्ट पिळून दोरीवर टाकताना जेवढा ओला असतो तेवढा. मोठ्या संत्र्याएवढा गोळा करा, मधे चिरा पाडा आणि तो फांदीभोवती असा बसवा की वरचा काठ गोळ्याच्या साधारण मधे येईल, म्हणजे काठाच्या वर दोन बोटं आणि खाली तीन-चार बोटं मॉस. सगळीकडून दाबून दाबून घट्ट करा. पोकळी राहिली की तिथे मूळ येत नाही, तेवढाच एक कोपरा रिकामा राहतो आणि बोन्सायमध्ये तो कोपरा आयुष्यभर टोचत राहतो.

प्लास्टिक गुंडाळा, आधी खाली बांधा, मग गोळा पुन्हा दाबून वर बांधा. जोड खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. कोकणात असाल तर वरची गाठ एकदम पक्की आणि खाली सुईने दोन-तीन भोकं, पाणी साचलं तर निघून जाईल. देशावर असाल तर भोकं नकोत, आणि वरची गाठ सुतळीची ठेवा, म्हणजे उघडिपीत सिरिंजने पाणी देता येईल. त्यावर फॉइल किंवा कागद, काढता-घालता येईल असा. एक म्हणजे मुळ्यांना अंधार लागतो, आणि दुसरं, पश्चिमेचं ऊन थेट प्लास्टिकवर पडलं तर आतला मॉस शिजतो.

शेवटी बांबूची काठी लावून फांदी बांधून टाका. हे सगळे विसरतात. वाऱ्याने फांदी हलली की नुकत्या फुटलेल्या मुळ्या आतल्या आत तुटतात, बाहेरून काही कळत नाही. शिवाय सालीचं कडं काढलेली जागा कमजोर झालेली असते, वरून ओल्या मॉसचं वजन.

बोन्सायसाठी मला आवडणारा दुसरा प्रकार म्हणजे कुंडीची गुटी. प्लास्टिकची छोटी कुंडी किंवा आइस्क्रीमचा डबा एका बाजूने कापायचा, तळाला फांदीएवढं भोक, फांदीभोवती बसवून कापलेली बाजू स्टेपल आणि टेपने जोडायची, आत मॉस आणि विटांचा बारीक चुरा. ह्यात मुळ्या गोळ्यात गुरफटत नाहीत, आडव्या पसरतात, नेबारी पहिल्यापासूनच सपाट येते. फक्त हिला उन्हाळी वाऱ्यात रोज पाणी घालावं लागतं, गावाला जाणाऱ्यांनी करू नये.

थांबणं

"गुटी बांधली की विसरून जायची, रोज उघडून बघितली तर लागत नाही," हे मामाचं ठरलेलं वाक्य. बरोबर आहे पण पूर्ण विसरूही नका. आठवड्यातून एकदा फॉइल सरकवून बघा. मॉस गडद दिसतोय आणि प्लास्टिकच्या आत दव धरलंय तर ठीक. फिकट, गवताच्या रंगाचा झाला आणि दाबल्यावर कडक लागला तर वरच्या बाजूने सिरिंजने दहा-वीस मिली पाणी, दोन-तीन ठिकाणी. कुबट वास आला, आत काळपट पाणी दिसलं तर खाली भोकं पाडून निथळू द्या.

मुंग्या. माझ्या एका गुटीत मुंग्यांनी अंडी घातली होती, मॉस भुसभुशीत आणि कोरडा करून टाकला होता. फांदीला खाली थोडं ग्रीस किंवा चिकट टेप लावली की चढत नाहीत. खारी चमकणारं फॉइल कुरतडतात, कावळे प्लास्टिक फाडून घरट्यासाठी मॉस नेतात, त्यामुळे हल्ली मी वरून जुन्या कॉटनच्या साडीची पट्टी गुंडाळतो. काकूंना प्लास्टर वाटलं ते हेच.

मुळ्या आधी पांढऱ्या, जाडसर, बटाट्याच्या कोंबासारख्या दिसतात. इथे बहुतेकांचा हात शिवशिवतो. थांबा. ह्या मुळ्या अजून अख्ख्या फांदीला पुरेल एवढं पाणी ओढायच्या लायकीच्या नाहीत. त्या लांब होऊन प्लास्टिकला टेकतील, रंग क्रीम-तपकिरी होईल, आणि मुख्य म्हणजे त्यांना बारीक केसासारख्या उपमुळ्या फुटतील, तेव्हा तोडायची. पहिली मूळ दिसल्यापासून अजून तीन ते चार आठवडे धरून चाला. सगळ्या बाजूंनी आल्यात का तेही बघा. एकाच बाजूला असतील तर रिकाम्या बाजूला प्लास्टिक उघडून काठाला ताजी चीर द्या, पावडर लावा, परत बांधा. उशीर झाला तरी चालेल. मामा असता तर तोडून मोकळा झाला असता, त्याचं बरोबरच आहे, आपलं काम वेगळं.

दोन महिने झाले आणि वरच्या काठावर नुसता गाठीसारखा फुगवटा आहे, मुळ्या नाहीत, तर निराश होऊ नका. फुगवटा म्हणजे झाड तयारीत आहे. तो वरवर खरवडा, पावडर लावा, नवीन मॉस. आणि सालीचा पूल झाला असेल तर तो पूर्ण कापून काढा, सांगितलंच आहे.

तोडणं

एकदम तोडू नका. गुटीच्या खाली, मॉसच्या लगेच खालच्या बाजूला, करवतीने अर्ध्यापर्यंत काप घ्या आणि आठ-दहा दिवस ठेवा. अर्धं पाणी बंद झालं की नवीन मुळ्यांना काम करावं लागतं. पानं मलूल झाली नाहीत तर मग पूर्ण तोडा. बारीक दातांची करवतच वापरा, जाड फांदीला कात्री लावली तर ती चेंगरते. तोडताना गोळा दुसऱ्या हातात धरा किंवा कोणाला तरी धरायला सांगा, कारण फांदी सुटली की सगळं वजन खाली जातं आणि दोन महिन्यांची मेहनत जमिनीवर. हो, झालंय.

दिवस ढगाळ, वेळ संध्याकाळची. तोडल्यावर पानं कमी करा, डाळिंब-कामिनीची साधारण निम्मी, फायकसची एक तृतीयांश. आधी छाटू नका म्हटलं होतं, आता छाटा, कारण आता मुळ्या थोड्या आणि पानं जास्त असा हिशोब आहे.

टोपलीत लावणं

लगेच बोन्सायच्या उथळ कुंडीत घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. नको. भाजीवाल्याकडे असते तशी जाळीची प्लास्टिक टोपली घ्या, पसरट, किंवा मोठी चाळणी. बाजूने हवा लागते, त्यामुळे मुळ्या गोल गोल न फिरता टोकाला थांबून फाटे फोडतात.

मिश्रण माझं साधं आहे, विटांचे तुकडे तीन-पाच मिलिमीटरचे चाळून दोन भाग, कोकोपीट एक भाग, गांडूळखत अर्धा भाग. विटांची धूळ चाळून फेकून द्या, तीच पाणी तुंबवते. प्लास्टिक हळू कापा, पण मॉस ओढून काढू नका. मुळ्या त्यात विणलेल्या असतात, मॉस उपटला की मुळ्याही येतात. बोगनवेलीला तर हातच लावू नका, प्लास्टिक काढून गोळा जसाच्या तसा मिश्रणात. मुळ्यांच्या खाली फांदीचं जे ठूठ राहतं ते एक-दीड सेंटिमीटर ठेवून बाकी सपाट कापा, खूप लांब राहिलं तर झाड टोपलीत बसतच नाही.

मिश्रणाचा उंचवटा करून त्यावर गोळा ठेवा, भोवताली काडीने हलके टोचत मिश्रण भरा, आणि टोपलीच्या जाळीतून वायर घालून झाड घट्ट बांधा. हललं नाही पाहिजे. पाणी पूर्ण द्या. दोन-तीन आठवडे सावलीत, वरून पातळ प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी, दिवसातून एकदा उघडून हवा द्यायची. पहिल्या आठवड्यात थोडी पानं गळतील, चालतं. नवीन कोंब फुटला, दोन-चार पानं उघडली की पिशवी काढा आणि हळूहळू सकाळच्या उन्हात आणा. खत चार-सहा आठवडे नाही, त्या गांडूळखताशिवाय.

वायरिंग नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही, ह्या वर्षी काही नाही. वाढू दे मोकाट.

खालच्या मूळ झाडाकडेही बघा. जिथे तोडलं तिथे स्वच्छ काप करून हळद किंवा बुरशीनाशकाची पेस्ट लावा. महिन्याभरात खालून पालवी फुटते, आणि एखाद्या उंचाड्या कुंडीतल्या फायकसचा शेंडा असा गुटीने काढला तर वरचं एक झाड आणि खाली बुटकं जाड खोडाचं दुसरं, एकाची दोन. नर्सरीत मिळणाऱ्या बऱ्याच कलमी झाडांना जोडावर बेढब गाठ असते, तिच्या वर गुटी बांधली की गाठीपासूनही सुटका.

पुढच्या जूनमध्ये

तेव्हा टोपली उपडी करा. आता मॉस काढायचा, चिमट्याने आणि पाण्याच्या पाइपच्या हलक्या धारेने, थोडा थोडा, घाई न करता, मी ह्याला एक आख्खी सकाळ देतो, रेडिओ लावून. खाली सरळ घुसलेल्या जाड मुळ्या कापा, आडव्या पसरलेल्या ठेवा, एकमेकींवर चढलेल्यातली एक निवडा. राहिलेलं ठूठ आता अगदी मुळ्यांच्या पातळीला सपाट करा. फायकस हे सगळं एकाच बैठकीत सहन करतो, डाळिंबाचं दोन वर्षांत विभागून करा, बोगनवेलीचं फक्त ठूठ.

मुळ्या सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरवून परत त्याच टोपलीत, खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवून, म्हणजे त्या खाली न जाता बाजूला जातात. काकूंचं डाळिंब आत्ता ह्याच अवस्थेत आहे. एका बाजूला, पश्चिमेला, अजून एक बोटभर जागा रिकामी आहे, मॉस दाबताना तिथे पोकळी राहिली होती बहुतेक. तिथे मी बुंध्याला परत एक छोटी चीर दिलीय, पावडर लावलीय आणि वर ओला मॉस दाबून ठेवलाय. काल बघितलं तर फुगवटा आलाय, मूळ अजून नाही.